एकाच जागी तुटणारी केबल

पुढच्या ब्रेकची केबल पुन्हा त्याच जागी तुटली होती.

मच्छिंद्रनं ती गाडीवरून सोडवली, अंगणातल्या फरशीवर सरळ ताणून ठेवली आणि हँडलकडच्या टोकापासून हातानं मोजली. एक वीत आणि चार बोटं. मागच्या वेळची तुटकी केबल त्यानं मुद्दाम ठेवून दिली होती. ती आणून शेजारी टाकली. तिथंही एक वीत आणि चार बोटं. दोन्हींचं काळं आवरण त्या जागी घासून गेलेलं, आतली स्प्रिंग चपटी झालेली आणि तारेचे पीळ एकेक करून तुटलेले.

"काय मोजून राह्यले?" ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या प्रभावतीनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"काही न्हाई. मला समजून न्हाई राह्यलं."

ते खरंच होतं. टेंभुर्णीच्या जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस होता. गाय कुठं अडली, म्हैस वैरणीला तोंड का लावत नाही, हे त्याला लांबून बघून कळायचं. पण स्वतःच्या गाडीचं हे दुखणं पंधरा वर्षांत त्याला उमगलं नव्हतं. काळी राजदूत मोटारसायकल, चौऱ्याऐंशीच्या पाडव्याला घेतलेली. गावात आणखी चार राजदूत होत्या. त्यांच्या केबली पाच-सहा वर्षं सहज चालायच्या. याची दोन वर्षांत जायची. बद्रीनाथ मिस्त्री दर वेळी नवी टाकून द्यायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "साहेब, तुमी हँडलला लोंबकळता का?" सातव्यांदा ते ऐकायला नको, म्हणून मच्छिंद्रनं केबल विकत आणली आणि रविवारी सकाळी घरीच काम काढलं.

घाईचं आणखी एक कारण होतं. फेब्रुवारी संपत आला होता आणि गाडीच्या बुकाची पंधरा वर्षं लवकरच पूर्ण होत होती. गाडी जालन्याला आरटीओत नेऊन नवीन पासिंग करून घ्यावं लागणार होतं. कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटानं त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत, लाइट आणि हॉर्न चालू पाहिजे, आणि गाडीच्या हँडलखालच्या मानेवर ठोकलेल्या चेसी नंबरची पेन्सिलनं काढलेली छाप बरोबर आणायची.

नव्या केबलच्या तोंडाला त्यानं कागदाची पुंगळी बांधली आणि तिच्यातून थेंब थेंब तेल सोडलं. खालच्या टोकातून तेल टपकायला लागल्यावर केबल पुसली, वरचं टोक हँडलच्या लिव्हरमध्ये अडकवलं, हेडलाइटच्या बाजूनं केबल खाली नेली आणि चाकाजवळ बसवून नट हातानंच फिरवून ठेवला. मग ती कुठं अडते का बघायला हँडल डावीकडं पूर्ण वळवलं. खट्ट करून ते थांबलं. उजवीकडं वळवलं. तिकडं खट्ट झालं नाही. हँडल आणखी दोन बोटं पुढं सरकलं आणि टाकीला जाऊन टेकलं. नवी कोरी केबल मधल्या मधे चेपली गेली.

त्यानं हँडल सरळ केलं आणि पुन्हा वळवलं. पुन्हा तसंच.

तो खाली बसला आणि मान वाकडी करून हँडलच्या खाली बघू लागला. हँडल जास्त वळू नये म्हणून तिथं दोन्ही बाजूंना लोखंडाचा एकेक गुट्टा असतो. डावीकडचा होता. उजवीकडचा नव्हता. फडक्यानं वंगण पुसल्यावर तिथं एक खडबडीत वण दिसला, दात पडून गेल्यावर हिरडी दिसावी तसा. वणावर काळा रंग दिलेला होता. नंतर, ब्रशनं.

"ही गाडी कधी पडली व्हती का गं?"

"तुमच्या हातून?"

"हां."

"मला बसवून तर न्हाई पडली. तुमी एकले पडून घरी सांगितलं नसंल तर मला काय माहीत?"

तो कधीच पडला नव्हता. पंधरा वर्षं लसीची पेटी मागं बांधून तो गावोगाव फिरत होता. भोकरदन, जाफराबाद, हसनाबाद, कुठकुठल्या पांदीतून त्यानं ही गाडी काढली होती. गाडी जराशी डावीकडं ओढायची हे खरं. पण राजदूत अशीच असते असं तो समजून होता. दुसरी कोणती गाडी त्यानं चालवलीच नव्हती.

वंगण पुसलंच होतं, तर नंबराचंही काम करून टाकावं असं त्याला वाटलं. मानेचा उजवा भाग रॉकेलच्या फडक्यानं घासल्यावर ठोकलेले आकडे वर आले. त्यावर पातळ कागद धरून त्यानं पेन्सिल आडवी फिरवली. छाप चांगली उठली. सहज म्हणून त्यानं प्रभावतीला कपाटातलं आरसी बुक आणायला सांगितलं आणि दोन्ही शेजारी धरली.

बुकातला नंबर ६०१२ वर संपत होता. छापेवर ६०४१ होतं.

त्यानं कागद टाकून दुसरा घेतला. दुसरी छाप काढली. ६०४१.

"उलटं तर न्हाई धरलं?" प्रभावती जवळ येऊन म्हणाली. तिनं चष्मा लावला, कागद घेतला, बुक घेतलं आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. सुरुवातीचे सगळे आकडे जुळत होते. शेवटचे दोन जुळत नव्हते.

"मंग ही गाडी कोणाची?" ती म्हणाली.

 मच्छिंद्र सरकारी माणूस होता. नाक्यावर किती वेळा पोलिसांनी हात दाखवला होता, त्यानं बुक काढून दिलं होतं, त्यांनी नंबर प्लेट बघून परत दिलं होतं. मानेवरचा आकडा कधी कोणी बघितला नाही. आता जालन्याचा साहेब बघणार. चोरीची गाडी म्हणाला तर काय सांगायचं? पंधरा वर्षं चोरीच्या गाडीवर सरकारी लस वाटली म्हणून सांगायचं?

"दुकानातच चुकलं असंल," प्रभावती म्हणाली.

"दुकानातून निघताना नंबर वाचून घेतला व्हता म्या. कडूबानंच वाचला मोठ्यानं. साठ बारा म्हणून. अन् त्याच्या गाडीवर साठ..."

तो थांबला.

त्या दिवशी दोन गाड्या निघाल्या होत्या. एक त्याची आणि एक कडूबाची. कडूबा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर राहणारा. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या दोन राजदूत घेतल्या होत्या. मच्छिंद्रला तेव्हा गाडी येत नव्हती. शिवाय दुसऱ्याच दिवशी त्याला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला औरंगाबादला जायचं होतं. त्यामुळं दुकानाच्या माणसांनी दोन्ही गाड्या कडूबाच्या वस्तीवर आणून पोचवल्या. परत आल्यावर कडूबाच्या अंगणातून मच्छिंद्रनं आपली गाडी घेतली आणि त्याच्याकडूनच चालवायला शिकला. गाड्यांचे नंबर महिन्यानं आले. ते येईपर्यंत दोन्ही गाड्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या.

"मंग झालं. कडूबा भावजीची गाडी बघून या," प्रभावती म्हणाली. "त्यांच्या गाडीवर साठ बारा असंल, तर उलगडा झाला."

 कडूबाशी मच्छिंद्रचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

ती गोष्ट नव्वद सालातली. कडूबाचा हरण्या नावाचा बैल सकाळी गळा सुजून उभा राहिला. डॉक्टर तालुक्याला गेलेले. मच्छिंद्र पळत गेला, होतं ते इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत बैल गेला. कडूबा तेव्हा एक शब्द बोलला नाही. पण दोन दिवसांनी बाजारात कोणीतरी सांगितलं, कडूबा म्हणतो मच्छिंदरनं वेळ घालवला, नाहीतर बैल वाचला असता. त्याच आठवड्यात दोघं रस्त्यावर समोरासमोर आले. कडूबानं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेला. त्यानंतर मच्छिंद्र वस्तीवर गेला नाही. कडूबाही आला नाही. मच्छिंद्रची आई गेली तेव्हा कडूबा मसणवट्यात शेवटच्या रांगेत उभा होता आणि न बोलता परत गेला. कडूबाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती. मच्छिंद्रनं बाहेर ड्यूटी लावून घेतली.

"तू जाऊन ये," तो प्रभावतीला म्हणाला. "त्याच्या बायकोला इचार."

"सगुणाला? ती तर दर बाजाराला भेटती."

"बोलती का तू तिच्यासंगं?"

"मंग काय करू? तुमचं वाकडं हाये, आमचं काय वाकडं हाये? अन् तुमचं कामून वाकडं हाये, ते तिला ठावं न्हाई अन् मला बी बराबर ठावं न्हाई." तिनं डाळीचं सूप आत नेऊन ठेवलं आणि पदर सावरत बाहेर आली. "चला. मी येते संगं."

गाडीचा ब्रेक अर्धा उघडा पडला होता. दोघं पायी निघाले. त्याच्या एका हातात बुक होतं, दुसऱ्या हातात पेन्सिलीच्या दोन छापा. वाटेत दोन माणसांनी विचारलं, साहेब, पायी कुठं? त्यानं दोघांना दोन वेगळी उत्तरं दिली.

कडूबाच्या वस्तीवर हरभरा काढून आणला होता. अंगणात ढीग लागले होते. कडूबा एका ढिगापाशी उभा राहून डाहळे झटकत होता. नऊ वर्षांत त्याचे पुढचे केस गेले होते. मच्छिंद्रनं त्याला लांबून पाहिलं होतं, पण इतक्या जवळून पहिल्यांदाच. कडूबानं दोघांना बघितलं, हातातला डाहळा खाली ठेवला आणि त्याची नजर सरळ त्या बुकावर गेली.

"आला का," तो म्हणाला. "बुक घेऊनच आला. मला वाटलंच व्हतं, एक ना एक दिवस येशील."

 वाटेत मच्छिंद्रनं चार-पाच वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही इथं बसत नव्हतं.

"तुला ठावं व्हतं?" तो म्हणाला.

"मला ठावं नसंल तर कोणाला राहीन? म्याच तर केलं." कडूबानं बाज ओढून सावलीत टाकली. "बसा वहिनी. सगुणे, पाणी आण. मच्छिंदर आलाय."

सगुणाबाई तांब्या घेऊन बाहेर आली, मच्छिंद्रकडं बघून "या भावजी" म्हणाली आणि प्रभावतीच्या शेजारी बसली. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

कडूबा उभाच राहिला. उभ्यानंच तो बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही.

"तू औरंगाबादला गेल्ता. मी रोज गाडी शिकून राह्यल्तो. चौथ्या दिवशी नाल्यावरच्या फरशी पुलावरून जाताना गाडीसगट खाली गेलो. मला काही झालं न्हाई. पण गाडीचं पुढचं सगळं चेपलं. हँडल, फोर्क, सगळं. अन् गाडी सासऱ्याच्या पैशाची. ते दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार व्हते. तुला माहीत हाये त्यांचा स्वभाव. मंग म्या काय केलं, माही गाडी बैलगाडीत घालून भोकरदनला नेली, मिस्त्रीकडं टाकली, अन् अंगणात तुझी उभी केली. एका दिवसापुरती."

"एका दिवसापुरती?"

"आईची शपथ. एकाच दिवसापुरती. पण सासरे ऱ्हायले सात दिवस. साती दिवस माह्या मागं बसून सोयऱ्याधायऱ्याकडं हिंडले. तवर माही गाडी सरळ करून, रंग मारून आल्ती. अन् अकराव्या दिवशी तू आला. आठवतं का? तू दारातून आत आला अन् म्हणला, यातली माही कोणती? मी काही बोलायच्या आधी सासरे बोलले, ही आमच्या जावयाची, ती तुमची."

मच्छिंद्रला ते आठवलं. पांढरी टोपी घातलेला एक जाडजूड माणूस बाजेवर बसला होता आणि त्यानं काठीनं दाखवलं होतं. मच्छिंद्रनं त्याला नमस्कार केला होता. गाडी मिळाल्याचा त्याला इतका आनंद झाला होता की तो दोन वेळा गाडीभोवती फिरला होता.

"तवाच मला सांगायचं."

"त्यांच्यापुढं? मंग म्हणलं उद्या सांगू. मंग तुला शिकवायला लागलो. तू इतका खूश व्हता. मंग नंबर आले, तू पाटी रंगवून घेतली, मी पाटी रंगवून घेतली. मंग राहून गेलं." कडूबानं कपाळ पुसलं. "राहून गेलं म्हणजे, एक-दोन वर्षं रोज मनात याचं. मंग न्हाई आलं. अन् मंग नव्वद साली तुला समजलंच."

"मला काय समजलं?"

"गाडीचं."

"नव्वद साली मला काही न्हाई समजलं. मला आज सकाळी समजलं."

 कडूबा मच्छिंद्रकडं असा बघत होता, की जणू मच्छिंद्र त्याला फसवतोय.

"बद्रीनाथच्या दुकानात तू फोर्क खोलून बसला व्हता," तो हळू म्हणाला. "मी रस्त्यानं चाललो व्हतो. बद्रीनाथ तुला बोटानं काहीतरी दावून राह्यल्ता. तू मान वर करून माह्याकडं बघितलं. ती तुझी नजर मी अजून न्हाई इसरलो. म्हणलं, झालं, मिस्त्रीनं सांगितलं याला. मला तिथं थांबवंना. तोंड फिरवून निघून गेलो. अन् त्या दिवसापून तू येणं बंद केलं."

मच्छिंद्रनं बाजेच्या काठावर बसून तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. बद्रीनाथचं दुकान आठवलं. फोर्क आठवला. बद्रीनाथनं विचारलं होतं खरं, गाडी कधी पडली होती का, आणि तो नाही म्हणाला होता. तेवढ्यात समोर कडूबा आला. बैल जाऊन दोन-तीनच दिवस झाले होते.

"मी बैलामुळं येणं बंद केलं," तो म्हणाला.

"कोणता बैल?"

"हरण्या."

"हरण्याचं काय?"

"तो गेला न्हाई का. माह्या हातून."

कडूबा सगुणाबाईकडं वळला. सगुणाबाई प्रभावतीकडं बघत होती. 

"हरण्याला घटसर्प झाल्ता," शेवटी कडूबा म्हणाला. "डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले तवा म्हणले, आदल्या दिवशी देव आला असता तरी जगला नसता. तुझ्या हाताचा काय संबंध?"

"तू बाजारात म्हणला म्हणे, मच्छिंदरनं वेळ घालवला."

"कोण म्हणलं असं?"

मच्छिंद्रनं तोंड उघडलं. नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण नाव नव्हतं. नऊ वर्षं ते वाक्य त्याच्या डोक्यात होतं, शब्दन् शब्द पाठ होतं. ते कोणाच्या तोंडून आलं, ते काही केल्या आठवेना. माणूस भाजीच्या ओळीत उभा होता. हातात पिशवी होती. त्याच्या पुढं काही नाही.

"मी कधीच असं म्हणलो न्हाई," कडूबा म्हणाला.

"न्हाई म्हणलं," सगुणाबाई म्हणाली. "यायनी त्या बैलाचं नाव बी काढलं न्हाई पुन्हा. मला वाटलं, बैलाचं दुःख हाये म्हणून गप हायेत."

मच्छिंद्रला राग यायला पाहिजे होता. त्याला तो आतून जाणवतही होता, पण तो कुठं लावावा हे कळत नव्हतं. गाडी बदलली म्हणून कडूबावर चिडावं, तर कडूबाच नऊ वर्षं त्याला घाबरून तोंड चुकवत होता. स्वतःवर चिडावं, तर त्यानं कोणाचं काय केलं होतं? बाजारातल्या त्या माणसावर चिडावं, तर त्याला तोंडच नव्हतं. त्याला आईची चिता आठवली आणि शेवटच्या रांगेतला कडूबा आठवला.

"आईच्या येळेला तू पुढं कामून न्हाई आला?" त्यानं विचारलं.

"तू मला हाकलून दिलं असतं तर? तितक्या लोकांत?"

"मी कामून हाकलीन?"

"तेच तर," कडूबा म्हणाला आणि एकदम खाली बसला.

 बायका उठून आत गेल्या. आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता, रोजच्यासारखा.

मग कडूबा उठला आणि गोठ्यातून गाडी ढकलत बाहेर घेऊन आला. गाडीवर भुसा बसला होता. शिटाला ठिगळ होतं, टाकीचा रंग ठिकठिकाणी उडाला होता. ही शेतातली गाडी होती. हिनं पोती वाहिली होती. मच्छिंद्रनं खिशातलं फडकं काढून मान पुसली. ६०१२. त्यानं हँडल दोन्हीकडं वळवलं. दोन्हीकडं खट्ट झालं. पुढच्या ब्रेकची केबल जुनीच होती, दुकानातून आलेली. आवरण कडक झालं होतं, पण आत तार शाबूत होती.

"बस," कडूबा म्हणाला. "तुझीच हाये. बघ चालवून."

मच्छिंद्र बसला. किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. अंगणातून बाहेर रस्त्याला लागायचं म्हणून त्यानं ती गियरमध्ये टाकली आणि सोडली. गाडी सरळ निघाली. त्याचे हात मात्र पंधरा वर्षांच्या सवयीनं तिला उजवीकडं सावरायला लागले, कारण त्याची गाडी डावीकडं ओढायची. ही ओढतच नव्हती. ती उजवीकडं वळली आणि त्यानं ब्रेक दाबेपर्यंत हरभऱ्याच्या ढिगात जाऊन शिरली.

तो डाहळ्यांमधून उठून उभा राहिला. कडूबा धावत आला आणि त्याच्या पाठीवरचे घाटे झटकायला लागला. झटकता झटकता त्याला हसू आलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला. मच्छिंद्रला हसू येत नव्हतं. पण कडूबाचा हात पाठीवर होता तोवर त्यानं तो काढायला सांगितलं नाही.

पुढची सोय अवघड नव्हती. एजंटानं सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही बुकं टेबलावर ठेवून सरळ सांगितलं, जी गाडी ज्याच्या बुकात आहे ती त्यानं घेऊन या, पाट्या बदला, संपलं. पुढच्या रविवारी कडूबा मच्छिंद्रच्या अंगणात आला. दोघांनी पाट्या सोडवल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. ६०४१ आता कडूबाची झाली. मच्छिंद्रनं तिची अर्धवट राहिलेली नवी केबल पूर्ण बसवून दिली, चाकाजवळचा नट आवळला, चाक हातानं फिरवून ब्रेक कुठं लागतो ते बघितलं आणि कडूबाला बजावलं की उजवा गुट्टा वेल्डिंग करून घेईपर्यंत हँडल उजवीकडं पूर्ण वळवायचं नाही. मग त्यानं आपल्या गाडीचीही केबल बदलली. ती निघायला मागत नव्हती. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिला कोणी हात लावत होतं. कडूबा शेजारी बसून पाना देत होता आणि प्रत्येक वेळी चुकीचा देत होता.

पासिंगच्या दिवशी दोघं सकाळीच जालन्याला निघाले. कडूबाची गाडी सारखी डावीकडं फुफाट्यात उतरत होती. मच्छिंद्रची सारखी उजवीकडं, समोरून येणाऱ्या जीपवर जात होती. एका ट्रकवाल्यानं काच खाली करून विचारलं, सकाळी सकाळीच का? मच्छिंद्रनं आयुष्यात दारू घेतली नव्हती. त्याचे कान लाल झाले.

मैदानावर गाड्यांची रांग होती. साहेबांनी नंबर पुकारला. मच्छिंद्र पुढं झाला, सरळ ६०४१ वर जाऊन बसला आणि किक मारली.

साहेबांनी पाटी बघितली, कागद बघितला. "अहो, तुमच्या नंबरची ती मागची गाडी आहे ना?"

"हां. ती," मच्छिंद्र म्हणाला आणि उतरला.

"मग ही कोणाची?"

"माही," कडूबा म्हणाला.

"तुम्ही दोघं नक्की ठरवा," साहेब म्हणाले. त्यांनी मानेवरचे नंबर दोनदा पडताळून बघितले. दोन्ही जुळले. ब्रेक लागले, लाइट लागले, हॉर्न वाजले. दुपारपर्यंत काम झालं.

परतताना रस्त्यात एका हॉटेलात दोघांनी भजी खाल्ली. तेव्हा कडूबानं मुलीच्या लग्नाची गोष्ट काढली, तिच्या सासरची माणसं कशी आहेत ते सांगितलं. मच्छिंद्रनं विचारलं, तिला मुलं किती? कडूबानं दोन सांगितली. मोठ्याचं वय ऐकून मच्छिंद्रनं मनात हिशेब केला आणि तो बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत राहिला. बोलत बोलतच दोघं बाहेर आले, गाड्यांवर बसले आणि निघाले. फाट्यावर कडूबा आपल्या वस्तीकडं वळला. मच्छिंद्र गावात शिरला. गाडी बरीच नीट चालत होती. हात बसला म्हणायचा, असं त्याला वाटलं.

प्रभावती ओट्यावर होती. तिनं गाडी बघितली, पाटी बघितली.

"झालं का पासिंग?"

"झालं. दोन्हींचं झालं."

"मंग ही कामून आणली? ही तर त्यांची."

मच्छिंद्रनं खाली बघितलं. हॉटेलातून निघताना तो न बघता ६०४१ वर बसला होता. कडूबाही न बघता दुसऱ्या गाडीवर बसला होता. सबंध रस्ता दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या वेळेआधी कडूबा आला. अंगणात गाडी लावली आणि म्हणाला, "घरी गेल्यावर सगुणानं सांगितलं. मला तर समजलंच न्हाई. सरळ चालली म्हणून मी आपला खूश."

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. दोघंही त्यांच्यासमोर उभे होते. प्रभावतीनं आतून विचारलं, चहा ठेवू का, आणि कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून तिनं ठेवला.

"मंग?" कडूबा म्हणाला. "मी कोणती नेऊ? तू सांग. तू म्हणशील ती नेतो. तुला जुनीच सवयीची असंल, तर तीच ठेव. बुकं एकमेकांच्या नावावर करून घेऊ."

मच्छिंद्र एकीकडून दुसरीकडं बघत होता. एकीवर त्यानं पंधरा वर्षं काढली होती. प्रभावतीला बाळंतपणाला तिच्यावरूनच नेलं होतं. दुसरी त्याची होती आणि तिच्यावर कडूबानं पंधरा वर्षं पोती वाहिली होती. कोणती द्यायची असा प्रश्न होता, की कोणती घ्यायची असा, हेच त्याला नीट समजत नव्हतं. कडूबा वाट बघत होता.

"थांब जरा," मच्छिंद्र म्हणाला. "आधी चहा घे. मंग बघू."